ब्रेक दाबताच पेडल धडधडते तेव्हा: जुन्या गाडीच्या डिस्क ब्रेकची तपासणी आणि दुरुस्ती

नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्याने नेरूळहून बेलापूरकडे जाताना साठच्या वेगात ब्रेक हलकेच दाबला, पायाखालचे पेडल नाडीसारखे उडू लागले आणि स्टेअरिंग हातात थरथरले, की गॅरेजमध्ये मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘डिस्क वाकडी झाली आहे, फेसिंग करून घ्या, नाहीतर बदला.’ माझ्या २००७ सालच्या छोट्या हॅचबॅकबाबत हे उत्तर मी दोनदा मान्य केले. पहिल्यांदा दोन्ही डिस्क लेथवर घासून घेतल्या, दुसऱ्यांदा नव्या बसवल्या. दोन्ही वेळा गाडी काही महिने छान थांबत होती आणि मग तीच धडधड परत आली. तिसऱ्यांदा मात्र डिस्कला हात लावण्यापूर्वी मी मोजमाप केले, तेव्हा दोष डिस्कमध्ये नसून ती ज्यावर बसते त्या हबच्या तोंडावर साचलेल्या गंजात निघाला. या लेखाचा बहुतेक भार त्या मोजमापावर आहे, कारण डिस्क हा दिसणारा आणि सहज बदलता येणारा भाग असला, तरी पुष्कळदा तिच्यावर दुसऱ्याच कुणाच्या चुकीचे खापर फुटत असते.

आधी रस्त्यावर ओळखावे

गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी ती चालवून पाहावी. ब्रेक न दाबताही ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल, तर दोष चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये, टायरमध्ये किंवा खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिममध्ये शोधावा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट तपासावा. धडधड फक्त ब्रेक लावतानाच होत असेल आणि वेग कमी होईल तसे ठोके संथ होत जात असतील, तरच पुढचा खटाटोप करण्यात अर्थ आहे. छोट्या गाडीच्या टायरचा घेर साधारण १.६७ मीटर असतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे दहा फेरे घेते आणि ३० च्या वेगाला पाच. डिस्कमधला दोष याच तालात बोलतो. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ओल्या किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडलला जे जलद, खरखरीत धक्के बसतात, तो दोष नसून त्या यंत्रणेचे काम आहे.

आता पुढचे चाक की मागचे, हे ठरवावे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. स्टेअरिंग थरथरत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर जातो. स्टेअरिंग शांत राहून पेडल आणि सीट हलत असतील तर मागचे ड्रम तपासावे लागतात. पक्के करण्यासाठी मोकळ्या, कोरड्या आणि सपाट रस्त्यावर ३० च्या आसपास वेग ठेवून, हँडब्रेकचे बटण दाबून धरून, तो हळूहळू ओढावा. गाडी लयीत हिसके देऊ लागली, तर ड्रम लंबगोल झाला आहे असे समजावे. हँडब्रेक एकदम खेचू नये आणि ओल्या रस्त्यावर तर हा प्रयोग मुळीच करू नये.

धडधड केव्हा वाढते याकडेही लक्ष द्यावे. ठाण्याजवळचा गायमुखचा घाट उतरल्यावर, किंवा घोडबंदर रस्त्यावर कंटेनरांच्या मागे तासभर थांबत-सरकत आल्यावर ती वाढत असेल, तर तापलेल्या डिस्कवर पॅडचा (डिस्कला घासून थांबवणाऱ्या पट्टीचा) थर असमान बसला असण्याची किंवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असल्याची शक्यता मोठी आहे. याउलट पावसाळ्यात आठवडाभर उभी असलेली गाडी बाहेर काढल्यावर पहिला एखादा किलोमीटर खरखर होऊन नंतर सगळे शांत होत असेल, तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज आहे आणि त्यासाठी काहीही उघडण्याची गरज नाही. वाशी, ऐरोली किंवा कोलशेतसारख्या खाडीकाठच्या भागात हा अनुभव दर पावसाळ्यात येतो.

डिस्कमध्ये नेमके काय घडते

येथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळले जातात आणि बहुतेक चुकीच्या दुरुस्त्यांचे मूळ या घोळात असते. पहिला दोष म्हणजे डगमग: डिस्क फिरताना आत-बाहेर झुलते, पण तिची जाडी सगळीकडे सारखीच असते. दुसरा म्हणजे जाडीतला फरक: डिस्क एका ठिकाणी पातळ आणि दुसऱ्या ठिकाणी जाड असते. पेडलला धक्के देणारा दोष मुख्यतः हा दुसरा आहे. छोट्या गाड्यांतला कॅलिपर पिनांवर सरकणारा असल्यामुळे तो नुसत्या डगमगीबरोबर बराचसा सरकून घेतो. पण जाडी बदलली की कॅलिपरमधल्या, पॅड दाबणाऱ्या पिस्टनला मागे जावेच लागते आणि तो ब्रेक ऑईलला मागे ढकलतो.

हा फरक किती सूक्ष्म असतो ते एका हिशेबाने कळेल. उदाहरणादाखल कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटर व्यासाचा आणि पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर १९ मिलिमीटरचा धरला, तर दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर सुमारे ६.४ येते. पेडलच्या तरफेचे गुणोत्तर ४ धरले, तर पिस्टनची हालचाल पेडलपाशी सुमारे पंचवीसपट होते. म्हणजे जाडीत अवघा ०.०२ मिलिमीटर फरक असला, तरी पेडल अर्धा मिलिमीटर हलू पाहते, आणि तेही साठच्या वेगाला सेकंदाला दहा वेळा. प्रत्यक्षात रबरी होज आणि बूस्टर त्यातले थोडे शोषून घेतात, एवढेच. नुसत्या डोळ्याने किंवा बोट फिरवून डिस्क ‘चांगली आहे’ असे सांगणाऱ्यावर का विसंबू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मग ही जाडी बदलते कशी? बहुतेक वेळा डगमगीमुळेच. ब्रेक दाबलेला नसतानाही झुलणाऱ्या डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला निसटता घासून जातो आणि तेवढाच भाग किलोमीटरमागून किलोमीटर झिजत राहतो. काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी इतकी कमी होते की पायाला कळू लागते. नवी डिस्क चार महिने छान चालून नंतर धडधडते ती यामुळे: बसवताना डगमग तशीच राहिलेली असते आणि नवी डिस्क जुन्या डिस्कच्याच वाटेने जाते.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. घाट उतरून आल्यावर सिग्नलला पेडल घट्ट दाबून उभे राहिले, की तापलेल्या डिस्कवर पॅडच्या मसाल्याचा ठसा उमटतो. तो भाग पुढच्या प्रत्येक ब्रेकला जास्त तापतो आणि वारंवार अति तापल्यास तिथल्या बिडाची रचनाच बदलून कठीण डाग तयार होतात. असे निळे-काळे डाग लेथवर वरून निघाल्यासारखे दिसले, तरी त्यांची मुळे आत राहतात आणि बाकीचा भाग झिजला की ते पुन्हा वर येतात. म्हणून घाटानंतर थांबताना पेडलवरचा जोर गरजेपुरताच ठेवावा आणि जागा असेल तर गाडी हळूच वीतभर पुढे सरकू द्यावी.

साधने आणि जागा

चुंबकी स्टँडसह ०.०१ मिलिमीटर मोजणारा डायल गेज, ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, टॉर्क रेंच, जॅक, दोन भक्कम स्टँड, सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर आणि ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस एवढे जमवावे. मायक्रोमीटरऐवजी व्हर्नियर कॅलिपरवर भागवू नये, कारण साध्या व्हर्नियरचे लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर असते आणि आपण तेवढाच फरक शोधत आहोत. शिवाय त्याचे सरळ जबडे डिस्कच्या कडेला उरलेल्या न झिजलेल्या धारेवर टेकून चुकीचे माप दाखवतात. ही दोन उपकरणे विकत घ्यायची नसतील, तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात लेथकाम करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तासाभरासाठी मागून आणावीत. चहाच्या बदल्यात काम होते, असा माझा अनुभव आहे.

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या पोडियमचा उतार या कामाला चालत नाही, मग तो कितीही मोकळा असो. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, आणि गाडी स्टँडवर टेकल्याशिवाय तिच्याखाली हात घालू नये.

नट सैल करतानाच निदान सुरू होते. एक नट पान्यावर उभे राहिल्याशिवाय हलत नाही आणि शेजारचा हाताच्या जोराने सुटतो, असे झाले तर ते लिहून ठेवावे. टायरच्या दुकानातल्या हवेच्या गनने असमान आवळलेले नट हे डगमगीचे एक नेहमीचे कारण आहे, आणि त्याची दुरुस्ती फुकट होते.

उघडून पाहणे

चाक काढण्यापूर्वी ते वर-खाली पकडून हलवावे. खडखड जाणवली तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट संशयित ठरतात. फक्त डावी-उजवीकडे हलवताना जाणवली तर टाय रॉड एंड. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर पुढचे कोणतेही माप खरे येणार नाही, त्यामुळे आधी तेच बदलावे. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे. एका फेऱ्यात एकदाच अडत असेल तर डिस्क झुलते आहे. पूर्ण फेराभर जड जात असेल तर कॅलिपर धरून बसला आहे.

ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. कॅलिपर काढल्यावर तो तारेने स्प्रिंगला टांगावा, होजवर लोंबकळू देऊ नये. आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून पाहावेत. एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच झिजला असेल किंवा तिरका झिजला असेल, तर स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) अडकली आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

डगमग मोजणे

चाक काढले की डिस्क हबवर सैल होते आणि त्या स्थितीत घेतलेले माप निरर्थक असते. नटांखाली जाड, सपाट वॉशर घालून सगळे नट पुन्हा बसवावेत आणि समोरासमोरच्या क्रमाने सारख्या टॉर्कने आवळावेत. चुंबकी स्टँड कॅलिपर ज्या स्टेअरिंग नकलला बसतो त्याच्यावर किंवा सस्पेन्शनच्या लोखंडी नळीच्या खालच्या भागावर घट्ट बसवावा. डायलचे टोक डिस्कच्या पृष्ठभागाला काटकोनात, बाहेरच्या कडेपासून सुमारे १० मिलिमीटर आत टेकवावे आणि काटा एक फेरा दाबलेला राहील असे ठेवावे. आता डिस्क हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवावी, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचनातला फरक लिहावा आणि सर्वांत पुढे आलेल्या जागी खडूने खूण करावी. दोनदा फिरवून तेच माप येते का ते पाहावे. येत नसेल तर स्टँड हलतो आहे.

गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधली मर्यादा हाच अंतिम आधार. मॅन्युअल हाती नसेल, तर ०.०५ मिलिमीटरपर्यंतची डगमग चांगली मानावी आणि ०.१० च्या पुढे गेली तर ती आज ना उद्या त्रास देणारच, असे धरावे. माझ्या गाडीच्या उजव्या चाकाला ०.०४ आणि डाव्या चाकाला ०.१३ भरली. दोन्ही डिस्क एकाच दिवशी विकत घेतलेल्या, एकाच खोक्यातल्या होत्या.

०.०५ पेक्षा जास्त माप आले, तर डिस्क काढून हबचे तोंड पाहावे. (काही जुन्या गाड्यांत डिस्क हबच्या मागून बोल्टने जोडलेली असते. तिथे हब प्रेसने काढावा लागतो, आणि ते काम घरी करू नये.) बाहेर काढण्यापूर्वी डिस्कचे कोणते छिद्र कोणत्या स्टडवर (नट ज्याच्यावर बसतो त्या खुंटीवर) होते त्याची खूण करून ठेवावी. हबवर, विशेषतः स्टडच्या मुळाशी, खवल्यासारखा गंज दिसेल. तो किती बाधतो याचा हिशेब असा: हबच्या १३० मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर एका कडेला ०.०५ मिलिमीटरची गंजाची खपली राहिली, तर डिस्क तेवढी कलते, आणि मध्यापासून ११० मिलिमीटरवर लावलेल्या डायलला ती जवळजवळ ०.०८५ मिलिमीटर दिसते. म्हणजे कागदाहून पातळ खपली नव्या कोऱ्या डिस्कला मर्यादेबाहेर नेऊ शकते.

हबचे तोंड आणि डिस्कची आतली बैठक तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करावी. ग्राइंडर वापरू नये. त्याने खड्डे पडतात. साफ झालेल्या हबच्या तोंडावरच डायल लावून माप घ्यावे. तिथेच ०.०३ ते ०.०५ ची डगमग असेल, तर हब किंवा बेअरिंग बदलण्याला पर्याय नाही.

हब ठीक असेल तर डिस्क परत बसवून मोजावी, आणि अजूनही जास्त भरली तर ती एक छिद्र पुढे फिरवून पुन्हा मोजावी. चार स्टडच्या गाडीत अशा चार जागा मिळतात. डिस्क आणि हब या दोहोंत थोडी थोडी चूक असते, आणि एका जागी त्या चुका एकमेकींना छेदतात. माझ्या डाव्या चाकाची डगमग नुसत्या साफसफाईने ०.१३ वरून ०.०५ वर आली आणि डिस्क दोन छिद्रे फिरवल्यावर ०.०३ झाली. आधीच्या दोन दुरुस्त्यांचा खर्च आठवून त्या दुपारी मला फारसा आनंद झाला नाही.

जाडी मोजणे आणि निर्णय घेणे

डिस्कवर ४५ अंशांच्या अंतराने आठ खुणा कराव्यात आणि प्रत्येक ठिकाणी कडेपासून सारख्याच अंतरावर मायक्रोमीटरने जाडी मोजावी. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी जाडीतला फरक ०.०१ मिलिमीटरच्या आत असेल तर डिस्क निर्दोष आहे. तो ०.०२ वर पोचला की बहुतेक गाड्यांत पायाला जाणवतो. सर्वांत पातळ जागा खडूच्या खुणेपाशी आली, तर डगमगीनेच झीज केली याचा पुरावा मिळाला.

आता निर्णय. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली किंवा ओतीव आकड्यांत लिहिलेली असते. फेसिंगनंतर जाडी त्या आकड्याच्या वर राहून पुढच्या झिजेसाठीही काही उरणार असेल, तरच डिस्क लेथवर न्यावी. कडेपर्यंत गेलेली भेग किंवा निळे-काळे डाग असतील, किंवा डिस्क किमान जाडीला टेकली असेल, तर ती भंगारात द्यावी. छोट्या गाडीची डिस्क फार महाग नसते, त्यामुळे काठावरच्या डिस्कवर मजुरी घालवणे मला पटत नाही. एक डिस्क बदलली तर त्याच ॲक्सलवरची दुसरीही बदलावी. फेसिंगलाही हेच लागू.

लेथवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. डिस्क मधल्या भोकावर आणि साफ केलेल्या बैठकीवर पकडावी, बाहेरच्या कडेवर नव्हे. आणि पहिला कट घेण्यापूर्वी तिची बैठक डायल लावून तपासावी. शेवटचा कट बारीक असावा आणि त्यानंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरत्या डिस्कवर हलका लावून टूलच्या रेषा मोडाव्यात. घरी आल्यावर डिस्क साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, कारण लोखंडाचा बारीक चुरा नुसत्या फडक्याने निघत नाही आणि तो नंतर पॅडमध्ये रुततो. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने काढावे, आणि नवी असली तरी ती बसवून डगमग मोजावीच.

कॅलिपर, ऑईल आणि जुळणी

स्लाइड पिना बाहेर काढून पुसाव्यात, गंजलेली पिन बदलावी आणि फक्त सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या चाकाच्या ग्रीसने तिथले रबर फुगते आणि पिन आणखी घट्ट बसते. पिस्टन सी-क्लॅम्पने हळूहळू मागे ढकलावा. तो जात नसेल तर ब्लीड स्क्रू (कॅलिपरमधले ऑईल बाहेर सोडणारा स्क्रू) किंचित उघडून पाहावे: स्क्रू उघडताच पिस्टन सहज गेला तर अडथळा आतून सुजलेल्या होजमध्ये किंवा मास्टर सिलिंडरकडे आहे, आणि तरीही अडला तर कॅलिपरमध्येच. पिस्टन ढकलताना वरची टाकी ओसंडून वाहणार नाही याकडे लक्ष ठेवावे, कारण ब्रेक ऑईल रंग खाते. हे ऑईल हवेतला ओलावा शोषते: डॉट ४ प्रतीच्या कोरड्या ऑईलचा किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सियस असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. आपल्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलणे शहाणपणाचे.

चाक बसवताना नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळावेत. आकडा मॅन्युअलमधला घ्यावा. छोट्या गाड्यांना तो साधारण ८० ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. स्टडला तेल किंवा ग्रीस लावू नये. गाडी हलवण्यापूर्वी पेडल टणक होईपर्यंत पंप करावे. हे विसरणारा माणूस सोसायटीच्या भिंतीपाशी जाऊन थांबतो.

नवे पॅड किंवा घासलेली डिस्क असेल, तर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगापासून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक लावावा, पूर्ण थांबू नये, आणि दर वेळी मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी चालू द्यावी. शेवटी काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. सुमारे शंभर किलोमीटर झाल्यावर नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा, आणि यापुढे पंक्चर काढून घेतले तरी घरी येऊन तेवढे नट सैल करून रेंचने परत आवळावेत.

एवढे करूनही, डगमग आणि जाडी दोन्ही मर्यादेत असताना, स्टेअरिंग ब्रेकवर हलतच राहिले, तर लोअर आर्मचे (सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश तपासावेत. फाटलेला बुश डिस्कमधली क्षुल्लक उणीवही मोठी करून हातापर्यंत पोचवतो. बुश ठीक असतील, तर मागचे ड्रम उघडून आतला व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजावा.